माझ्या नावाचा फिल्टर

गाडीला कुठला ऑईल फिल्टर लावावा, असं मला लोक विचारतात. ऑफिसातली नवी मुलं विचारतात, सोसायटीतले निवृत्त गृहस्थ विचारतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं. हिचे वडील फिल्टर बनवायचे, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. मी "कंपनीचाच लावा" म्हणते आणि विषय बदलते. खरं तर या विषयावर मला तासभर बोलता येईल. पण आमच्या घराण्यात फिल्टर हा शब्द निघाला की माणसं आपापल्या ताटाकडे बघायला लागतात.

मध्यंतरी चुलतभावाच्या वास्तुशांतीला असंच झालं. त्याच्या मुलानं नवी गाडी घेतली होती. त्यानं भर पंगतीत विचारलं, "आत्या, फिल्टर बाहेरचा चालेल का गं?" मी तोंड उघडायच्या आत पलीकडून काकू, म्हणजे त्याची आजी, म्हणाल्या, "तिला काय विचारतोस? तिनं सख्ख्या बापाचा फिल्टर दसऱ्याच्या दिवशी चारचौघांत नाकारला. तुझा काय पास करणार!"

पंगत हसली. मीही हसले. जिलबीचा तुकडा मोडला, परत ताटात ठेवला आणि हसले. घरी येऊन चपला काढल्या तरी ते हसू तोंडावर तसंच होतं. वीसेक वर्षं मी या एका वाक्यावर हसत आले आहे. आता पुरे.

मी मुळात कमी बोलणारी. त्यामुळे माझी बाजू कायम दुसऱ्यांनीच मांडली, आणि त्यांनी ती त्यांच्या सोयीनं मांडली. म्हणून पहिल्यांदा हे लिहून टाकते: हो, नाकारला. आजही तोच डबा कुणी समोर ठेवला तर आजही नाकारीन. ज्याचं ओझं माझ्या मनावर आहे ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती काकूंना ठाऊक नाही.

बाबा चिंचवडकडच्या एका मोठ्या कारखान्यात तपासनीस होते. गाड्यांचे फिल्टर बनायचे त्या खात्यात. तयार माल त्यांच्यासमोर यायचा, त्यातला काही ते उचलून बघायचे, काही कापून बघायचे, आणि जो बिघडलेला असेल त्यावर ब्रशनं लाल रंगाचा पट्टा ओढायचे. पट्टा ओढला की तो नापास. मग खात्याचा साहेब आला तरी तो माल पुढे जात नसे. बाबांच्या नखांच्या कडा कायम लाल असायच्या. आई म्हणायची, "अहो, आज कुठली नेलपॉलिश लावून आलात?"

घरीही तेच. पोळी उचलून उजेडात धरायचे. माझा निबंध वाचताना एका शब्दावर थांबायचे आणि काही न बोलता वही परत द्यायचे. चूक आपणच शोधायची. आई वैतागून म्हणायची, "पोळी पास आहे का तेवढं सांगा, नाहीतर रंगाचा डबा आणते आतून."

कधीकधी ते नापास झालेला एखादा फिल्टर मधोमध कापून घरी आणायचे. माझ्याएवढ्या मुलींना तेव्हा भातुकली असायची, मला हे. वरचा पत्र्याचा डबा, आत घड्या घातलेला कागद, त्या कागदाला वर-खाली चिकटानं, म्हणजे गोंदासारख्या रसायनानं, जोडलेल्या दोन टोप्या. तेल कागदातून गाळलं जातं आणि स्वच्छ होऊन इंजिनात जातं. गाडी बंद केल्यावर तेल मागे वाहून जाऊ नये म्हणून एक रबराची चकती. कागद तुंबलाच तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून स्प्रिंगची एक झडप. बाबा सांगायचे, "वजनावर घेऊ नये. जाड पत्रा कुणीही लावतो. घड्या एकसारख्या आहेत का बघ, रबर बोटानं दाबून बघ, आणि टोपीला चिकट नीट बसलाय का बघ. टोपी सुटली की संपलं. मग तेल कागदातून जातच नाही, बाजूनं जातं. सगळा कचरा इंजिनात. आणि वरून काही दिसत नाही."

"मग लोकांनी ओळखायचं कसं?"

"ओळखता येत नाही. म्हणून तर माझी नोकरी आहे."

पुढे ती नोकरी राहिली नाही. देशाची दारं उघडली, कारखान्याला परदेशी भागीदार मिळाला, तपासणीला यंत्रं आली. तपासनीसांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. बाबा म्हणायचे, "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची." एवढा एकच विनोद त्यांनी त्या काळात केला, पण बऱ्याच वेळा केला.

त्याच सुमारास मला हिंजवडीत नोकरी लागली. सॉफ्टवेअर टेस्टिंग. बाबांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय करतेस?"

"दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढते."

"आणि त्याचा पगार देतात?"

"हो."

"मग ठीक आहे. घरातलाच धंदा आहे."

रिकामं बसणं त्यांना जमेना. त्यांच्याच कारखान्यातले एक मित्र होते, मांजरी गावचे. कारखान्यात ते माल रवाना करणाऱ्या खात्यात होते, त्यामुळे आयुष्यभर घाईत. मी त्यांना काका म्हणायची. त्यांच्या घरच्या शेतात, उसाच्या कडेला, दोघांनी पत्र्याची शेड घातली. कागदाला घड्या घालायचं जुनं यंत्र आणलं, चिकट सुकवायला विजेची भट्टी बांधली, आणि फिल्टर बनवायला लागले. आमच्याकडे छोटे कारखानदार धंद्याला पोरीबाळींची नावं देतात. काका म्हणाले, "मला समदे पोरगेच हायत. तुमच्या पोरीचं नाव द्या, लक्ष्मी हाय ती." तेव्हा मोटारीच्या ऑईल फिल्टरच्या निळ्या डब्यावर पांढऱ्या अक्षरांत माझं नाव छापलं गेलं. मैत्रिणींनी मला खूप चिडवलं. मला मात्र आतून फार बरं वाटलं होतं. ऑफिसच्या टेबलावर मी त्यातला एक रिकामा डबा पेनं ठेवायला नेला होता.

मग मी गाडी घेतली. लहानशी, पांढरी. आमच्या अख्ख्या घराण्यातली पहिली चारचाकी, आणि ती मुलीनं घेतली म्हणून काकूंना बसलेला धक्का वेगळाच. पहिल्याच रविवारी आई-बाबांना घेऊन खडकवासल्याला गेले. धरणाच्या भिंतीजवळ कणसं खाताना बाबा गाडीकडे बघत म्हणाले, "हिच्या पहिल्या सर्व्हिसिंगला आपला फिल्टर लावू." मी लगेच हो म्हटलं. कंपनीवाले वॉरंटीची भीती घालतील हे मला माहीत होतं. म्हटलं, घालू देत.

या बोलण्यामागे एक कारण होतं. नाना पेठेतल्या एका मोठ्या स्पेअर पार्टवाल्या व्यापाऱ्यानं बाबांचा माल दुकानात ठेवायची तयारी दाखवली होती. तो म्हणजे शेडचं सगळं भविष्य. तोवर ते दोघं एकेका गॅरेजात पिशवी घेऊन फिरत होते. पण त्या व्यापाऱ्याची एक रीत होती, आणि त्या बाजारात ती बऱ्याच जणांची होती: नवा माल घ्यायचा तर बनवणाऱ्यानं तो आधी आपल्या घरच्या गाडीला लावून दाखवायचा. "जो स्वतःच्या गाडीला लावत नाही, त्याचा माल मी गिऱ्हाइकाला का देऊ?" असं त्याचं म्हणणं. बाबांकडे स्कूटर होती, काकांकडे ट्रॅक्टर. चारचाकी एकच, माझी. ठरलं असं, की दसऱ्याला शेडमध्ये यंत्रांची पूजा होईल, व्यापारी येईल, त्याच्यादेखत तयार लॉटमधला एक फिल्टर माझ्या गाडीला लागेल आणि बाकीचा लॉट त्याच्या टेम्पोतून नाना पेठेत जाईल.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात बाबा एका संध्याकाळी उशिरा आले. हात धुताना म्हणाले, "आज पुन्हा वीज गेली. भट्टी चालू असतानाच."

भारनियमन तेव्हा रोजचं होतं, मांजरीकडे तर विचारूच नका. पण भट्टी मध्येच बंद पडली तर काय करायचं हे मला लहानपणापासून पाठ होतं. कारखान्यात तसं झालं की तेवढा सगळा माल बाद. चिकट अर्धाच शिजलेला असतो. वीज आल्यावर परत भट्टीत सरकवला तर वरून कडक होतो आणि आत कच्चाच राहतो. आईच्या भाषेत, वरून लाल झालेली पण आत पिठूळ करंजी.

मी विचारलं, "मग तो माल?"

"काका म्हणाले परत भाजू. भाजला."

"आणि?"

बाबा टॉवेलला हात पुसत म्हणाले, "बघू."

माझ्या वडिलांच्या तोंडून मालाबद्दल "बघू" हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. माल पास असायचा नाहीतर नापास. मधे बघू नावाचं काही नव्हतं. त्यांनी आणलेल्या पिशवीत त्या लॉटमधले दोन फिल्टर होते. एक गाडीला लावायला, एक व्यापाऱ्याच्या हातात द्यायला. त्यांनी ते कपाटावर ठेवले. जेवताना कपाटाकडे पाठ करून बसले, एरवी ती आईची जागा.

नवरात्र चालू होतं. दुसऱ्या दिवशी आई चतुःशृंगीला गेली, बाबा शेडवर. मला सुट्टी होती. मी कपाटावरचा एक फिल्टर काढला, गच्चीवर बाबांच्या शेगड्यात आवळून—त्या लोखंडी पकडीला आमच्याकडे शेगडा म्हणत—करवतीनं डबा गोल कापला आणि आतली कागदाची गुंडाळी बाहेर काढली. बघायला छान होती. घड्या एकसारख्या, टोप्या घट्ट. बोटानं ओढून बघितलं, हलली नाही. मला हायसं वाटलं. तिथेच थांबले असते तर आज ही सगळी मंडळी माझं कौतुक करत असती.

पण मला ज्याचा पगार मिळत होता ते काम असं, की सगळं ठीक दिसतंय तिथे थांबायचं नाही. फिल्टर थंड गच्चीवर राहत नाही, कढत तेलात राहतो. मी गाडीच्या डिकीतला ऑईलचा डबा आणला, हाताला लागली ती कढई घेतली, मंद गॅसवर तेल तापवलं आणि ती गुंडाळी त्यात सोडली. स्वयंपाकघरात गॅरेजचा वास पसरला. खिडक्या उघडल्या, पंखा लावला. बऱ्याच वेळानं चिमट्यानं बाहेर काढली आणि निवू दिली. मग टोपीच्या कडेला नख लावलं. औषधाच्या बाटलीचं कागदी लेबल पाण्यात भिजल्यावर निघतं, तशी टोपी निघून हातात आली. आत चिकट पिवळा, मऊ, दाबला की बोटाला लागणारा.

डब्यावर माझं नाव होतं.

आता जे काकूंना माहीत नाही ते सांगते. मी त्या संध्याकाळी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दसरा आठवड्यावर होता, आणि तो सगळा आठवडा मी गप्प राहिले. फोडलेला फिल्टर वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवला. कपाटावर आता एकच उरला होता. बाबांना ते दिसलं असणारच. दोनाचा एक झालेला त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही.

मी वाट बघत होते. ते स्वतः म्हणतील, हा लॉट नापास. रोज सकाळी ते स्कूटरला किक मारायचे तेव्हा मी गॅलरीत उभी राहायची. आज जाऊन रंग लावतील. आज लावतील. मी त्यांना सोपं करून दिलं नाही. "बाबा, मी तपासला, कच्चा आहे" एवढं एक वाक्य चहा देताना म्हणता आलं असतं. ते मी म्हटलं नाही, कारण ते वाक्य माझ्या तोंडून ऐकायला मला नको होतं. मला ते त्यांच्या तोंडून हवं होतं. म्हणजे मी माझ्या वडिलांचीच चाचणी लावली होती. फिल्टरची लावली त्याचं मला काहीही वाटत नाही. ही दुसरी लावली, त्याचं वाटतं.

दसऱ्याला आम्ही तिघं गाडीतून मांजरीला गेलो. शेड झाडून काढली होती, घड्यांच्या यंत्राला झेंडूची माळ, भट्टीला झेंडूची माळ, हळद-कुंकू, दारात आंब्याची पानं. माझ्या गाडीलाही काकांनी माळ घातली. बाबांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. व्यापारी आला. गोरा, ठेंगणा, मितभाषी माणूस. टेम्पो बाहेर उभा होता. लॉटची खोकी रचून त्यावर सुद्धा एकेक फूल ठेवलं होतं.

नारळ फुटला, पेढे वाटले. काका म्हणाले, "चला, आता मेन कार्यक्रम. पोरी, बॉनेट उघड."

बाबांनी कपाटावरचा तो उरलेला फिल्टर पिशवीतून काढला. रबराच्या कड्यावर बोटानं थोडं तेल फिरवलं; फिल्टर बसवण्याआधी तसं करतात. ते बोट फिरवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग हात पुढे केला, "चावी दे."

मी म्हटलं, "नाही बाबा. नको लावायला."

शेडमध्ये एकदम शांतता वगैरे काही झालं नाही. टेम्पोवाल्याचा रेडिओ चालू होता. काका हसत म्हणाले, "अगं, मुहूर्त टळतोय. नव्या गाडीची माया लागली व्हय?"

मी म्हटलं, "वॉरंटी जाईल." हे मी बाबांना दिलेलं शेवटचं निमित्त होतं. ते पकडून ते म्हणू शकले असते, राहू दे, पुढच्या लॉटला बघू.

पण व्यापारीच बोलला. "ताई, वॉरंटीचं मी बघतो. सर्व्हिस सेंटरवाला माझ्या ओळखीचा आहे. आणि मुलगीच घाबरली, तर मी काय समजायचं?"

"तसं काही नाही हो," बाबा म्हणाले. "घाबरली नाही ती. दे गं चावी."

त्यांच्या आवाजात विनंती होती. माझ्याकडे त्यांनी आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. मी चावी मुठीत धरली आणि म्हटलं, "हा लॉट नापास आहे."

काकांचा चेहरा लाल झाला. "तू कॉम्प्युटरवाली. तुला काय कळतंय फिल्टरमधलं? बटणं दाबायचं काम हाय व्हय हे?"

मी डिकी उघडली, वर्तमानपत्राची गुंडाळी आणली आणि पूजेच्या टेबलावर, झेंडूच्या पाकळ्यांत सोडली. त्यात मुरलेलं तेल टेबलावरच्या तांदळात गेलं. आईनं "अगं अगं" केलं. व्यापाऱ्यानं पुढे होऊन टोपी उचलली, चिकटावर नख ओढलं, नखाकडे बघितलं आणि रुमालानं पुसलं. बाबांकडे बघून म्हणाला, "हा तुमच्या लॉटमधलाच?"

बाबा म्हणाले, "हो."

एवढंच. वीज गेली होती, परत भाजला, कुणाचा आग्रह होता, काही नाही. व्यापाऱ्यानं खिशातून आपट्याची पानं काढली, आम्हा सगळ्यांच्या हातात एकेक दिलं, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" म्हणाला आणि रिकाम्या टेम्पोच्या पुढे गाडीत बसून निघून गेला.

मग काका जे बोलले ते मी लिहीत नाही. त्यातलं निम्मं त्यांच्या जागी मीही बोलले असते. बाबा कोपऱ्यात गेले, फळीवरून लाल रंगाचा डबा काढला, झाकण स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं आणि पहिलं खोकं ओढून खाली बसले. एक निळा डबा घेतला, पट्टा ओढला, बाजूला ठेवला. दुसरा घेतला. माझ्या पांढऱ्या नावावरून लाल पट्टा. नव्या शर्टाच्या बाहीला रंग लागला. मी जवळ जाऊन बसले आणि दुसरा ब्रश उचलला.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "तुझा लॉट नाही हा."

सगळी खोकी संपेपर्यंत ते एकटे बसले होते. मी आणि आई बाहेर गाडीपाशी उभ्या होतो. आई म्हणाली, "कढई घासली तेव्हाच मला कळलं होतं. तळणीच्या तेलाला असा वास येतो होय? तेव्हाच घरात का नाही बोललीस गं? चार भिंतींच्या आत?"

मी गाडीवरची झेंडूची माळ काढायला लागले. उत्तर होतं, देण्यासारखं नव्हतं.

शेड पुढे वर्षभर रेटली आणि बंद झाली. बाबा कुणा दुसऱ्याच्या कारखान्यात तपासणीला जायला लागले. पुन्हा लाल नखं. घराण्यात मात्र ठरलं ते ठरलं: शिकलेल्या मुलीनं बापाचा धंदा बुडवला, भागीदाराला रस्त्यावर आणलं. या रस्त्यावर आणलेल्या भागीदाराच्या त्या शेताच्या जागेवर आज सहा मजली इमारती आहेत आणि त्यातले कोपऱ्यावरचे फ्लॅट त्यांच्या मुलांचे आहेत. काकू त्यांच्याकडे सत्यनारायणाला जातात, प्रसाद खातात आणि येऊन मला बोल लावतात. बुडालेली माणसं अशी असतील तर मला पण बुडायचं आहे.

आणि समजा टेम्पो भरून गेला असता. ते फिल्टर लोकांच्या गाड्यांना लागले असते. कुणाची टॅक्सी, कुणाची शाळेची व्हॅन, कुणी हप्त्यावर घेतलेली पहिली गाडी. हजारभर किलोमीटर छान चालल्या असत्या, मग एकेकीचं इंजिन आतून खरवडलं गेलं असतं, आणि त्या माणसांना कधीच कळलं नसतं की कशानं. बाबांना कळलं असतं. पेढे खाऊन ते घरी आले असते आणि त्यानंतर कपाटाकडे पाठ करूनच जेवले असते. माझ्यावर बोट दाखवणाऱ्या एकानेही हा हिशेब कधी केला नाही. मुलीनं बापाचं ऐकावं, झालं. मी बापाचंच ऐकलं होतं. फक्त त्या आठवड्यातल्या बापाचं नाही, त्याआधीच्या सगळ्या वर्षांतल्या.

बाबांनी मला त्या दिवसाबद्दल कधी चांगलं म्हटलं नाही की वाईट. मीही माफी मागितली नाही. कशाची मागणार होते तेच वेगळं काढून सांगता येत नव्हतं. फिल्टरची मागितली असती तर खोटं झालं असतं, आणि त्या दुसऱ्या चाचणीची मागायची तर तो सगळा आठवडा उघडा करून दाखवावा लागला असता.

पुष्कळ वर्षांनी मी दुसरी गाडी घेतली. बाबा तेव्हा काठी घेऊन चालायचे. म्हणाले, "नाना पेठेत जाऊ. तेल-फिल्टर आपण घेऊन देऊ, गॅरेजवाल्याच्या भरवशावर नको." गेलो. बोळात गाडी लावायला जागा नव्हती, लांब लावून चालत गेलो, आणि त्यांनी मला नेमकं त्याच दुकानात नेलं. तो व्यापारी आता पिकला होता, गल्ल्यावर मुलगा बसला होता. त्यानं बाबांना ओळखलं. मलाही.

"या," तो म्हणाला. "ताई बरोबर आहेत म्हणजे आज मी माल जपून दाखवायला हवा."

बाबा म्हणाले, "दाखवा तर खरं."

त्यानं तीन वेगवेगळे फिल्टर काचेवर ठेवले. बाबांनी एक उचलला, कानाशी हलवला, भोकातून आत बघितलं, रबर दाबलं. डोळ्यांना आता नीट दिसत नव्हतं. दुसरा उचलला, तसाच परत ठेवला. मग तिन्ही माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, "तू बघ."

मी बघितले. एकाचं रबर कडक होतं. एकाच्या पत्र्याची घडी कडेला नीट दाबलेली नव्हती. तिसरा मी हातात धरून राहिले.

व्यापारी हसून म्हणाला, "काय, पास का?"

बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून रस्त्याकडे बघत म्हणाले, "नसता तर तिनं सांगितलं असतं."

येताना गाडीत मला ते सगळं सांगायचं होतं. कढई, गॅलरी, रोज सकाळची वाट बघणं. लक्ष्मी रोडला गर्दी होती, बराच वेळ होता. मी नाही सांगितलं. नंतर ते गेले.

वास्तुशांतीनंतर दोन-तीन दिवसांनी मी काकूंना फोन केला. आधी भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं: "बाहेरचा चालतो म्हणावं. पण मला सोबत घेऊन जा, मी निवडून देते." मग म्हटलं, "काकू, दुसरं एक. दसऱ्याची गोष्ट तुम्ही सांगता त्यात एक राहून जातं. मला आठवडाभर आधी माहीत होतं. मी घरी फिल्टर फोडून बघितला होता. बाबांना सांगितलं नाही. ते स्वतः नाकारतात का, ते बघत बसले."

काकूंनी मागे चालू असलेली मालिका बंद केली. आमच्या घराण्यात हे क्वचित घडतं.

"म्हणजे तेव्हाच घरात सांगितलं असतंस, तर चारचौघांत त्यांची मान खाली गेली नसती."

"नसती."

"मग तू वाईटच की गं."

"हो," मी म्हटलं. "पण काकू, लॉट नापासच होता."